पत्त्यावर आढळून आली नाही

आमच्या दवाखान्यात कागदांचं सगळं काम माझ्याकडे आहे, आणि कागदांच्या बाबतीत मी खडूस आहे. हे मी स्वतःच्या कौतुकाने सांगते. आधारवर एक नाव आणि रेशनकार्डावर दुसरं असलं की मी अर्ज परत करते, मग माणूस मोखाड्याच्या पलीकडून दोन गाड्या बदलून आलेला का असेना. डॉक्टर मला बिचकून असतात, शिपाई तर असतोच. अशा या जरबेच्या बाईकडून एक चूक झाली आणि तिच्यापायी एका मुलीवर देश सोडून जायची पाळी आली. ती चूक मी आजवर कोणाला नीट सांगितलेली नाही.

दवाखाना एका संस्थेचा आहे, जव्हार-मोखाडा रस्त्यावर, लहानसा. जन्मतःच पावलं आत वळलेली बाळं आमच्याकडे येतात. दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाय सरळ करतात, पण खरी कसोटी नंतर असते. दोन छोटे बूट आणि त्यांना जोडणारी दांडी, असं ते साधन बाळाला झोपताना तीन-चार वर्षं घालावं लागतं. आईने कंटाळून सोडून दिलं की पाय पुन्हा वळतात. बूट प्रत्येक बाळाच्या मापाचे करायचे, बाळ वाढेल तसे बदलायचे, आणि हे करणारं शिकलेलं माणूस आमच्याकडे नव्हतं. आम्ही तीनदा जाहिरात दिली. पहिल्या खेपेला कोणी फिरकलं नाही. दुसऱ्या खेपेला एकाने फोनवर विचारलं, जव्हारला मॉल आहे का? तिसऱ्या खेपेला एकजण खरोखर आला, डेपोत उतरला, आमच्या जीपमध्ये बसला, वळणावळणांनी त्याच्या पोटात ढवळलं आणि संध्याकाळच्या गाडीने तो घरी गेला. चौथ्या खेपेला अर्ज आला तो थेट श्रीलंकेतून.

शेजारचाच देश, असं मला वाटलं. नेपाळच्या माणसाला इथे नोकरी करायला व्हिसा लागत नाही एवढं मला ठाऊक होतं. मग श्रीलंकेसाठी असं कितीसं लागणार? लागतं. नोकरीचा करार लागतो. संस्थेच्या नोंदणीचे कागद लागतात. तिच्या शिक्षणाचे, अनुभवाचे दाखले लागतात. पगाराची एक किमान अट असते, ती आमच्या संस्थेच्या आवाक्याबाहेरची होती. ती एका देणगीदाराने अंगावर घेतली. आणि हे काम करणारं माणूस इथे मिळत नाही, असं लेखी पटवून द्यावं लागतं. ते पत्र मी लिहिलं. मॉलचा आणि पोटात ढवळण्याचा उल्लेख डॉक्टरांनी खोडला, नाहीतर पत्र फार जिवंत झालं होतं. चार महिने मी त्या फायलीशी झटत होते. जिला पाहिलंही नव्हतं त्या बाईवर मी मनातून पुरती चिडले होते.

आणि मग ती आली. पावसाळा सरत आला होता. सत्तावीस-अठ्ठावीसची, माझ्या खांद्याला लागेल एवढी, दोन बॅगा घेऊन. एका बॅगेत कपडे. दुसरी शिपायाला उचलेना, कारण तिच्यात बाळपावलांचे लाकडी साचे होते, अंगठ्याएवढ्या टाचांपासून पुढचे. तिने ते माझ्या टेबलावर ओळीने मांडले आणि इंग्रजीत म्हणाली, ही माझी माणसं. माझा चार महिन्यांचा राग तिथल्या तिथे गेला. मला तेव्हा तो जाऊ द्यायचा नव्हता, हेही खरं.

पुढचा प्रश्न राहण्याचा. परदेशी माणसाला घरात ठेवलं की घरमालकाने चोवीस तासांच्या आत एक ऑनलाइन फॉर्म भरून पोलिसांना कळवायचं असतं. शिवाय तिने स्वतः चौदा दिवसांच्या आत जिल्ह्याला नोंदणी करायची. जव्हारात मी तिच्यासाठी खोली ठरवून ठेवली होती. मालकाने फॉर्मचं नाव ऐकलं आणि त्याच्या घरी अचानक पाहुणे येणार असल्याचं त्याला आठवलं. दुसऱ्याचंही तेच. अखेर मला काकी आठवली.

काकी म्हणजे दवाखान्याच्या फाटकाशी रानभाजी विकायला बसणारी साखरशेतच्या बाजूच्या एका पाड्यावरची बाई. वय विचाराल तर ती साठ म्हणते, कधी पन्नास. थोडी भातशेती, डोंगरउताराच्या वरकस जमिनीवर नागली, म्हणजे नाचणी. मुलगा आणि सून दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, मुलांसकट, ते पावसाच्या तोंडावर येतात; त्या वर्षी तर कुठल्याशा बांधकामावर आधीच गेले होते. म्हणून घराची एक बाजू रिकामी. मी विचारलं, तर तिने फक्त एवढं विचारलं, "नागली खाईल का?" खाईल, असं मी ठोकून दिलं.

फॉर्म मी तिच्या ओटीवर बसून मोबाइलवर भरला, रेंजसाठी एक हात वर धरून. लाईटबिल तिच्या वारलेल्या सासऱ्याच्या नावावर. घरपट्टीची पावती नवऱ्याच्या नावावर, तोही वारलेला. त्या घरात जिवंत माणसाच्या नावावर एकही कागद नव्हता. माझ्यासारखीने खरं तर तिथूनच उठायला हवं होतं, पण मी सरपंचांचा दाखला जोडला आणि पुढे गेले. त्या फॉर्ममध्ये हॉटेलवाल्यांसाठी एक रकाना असतो, किती तारांकित म्हणून. काकीने विचारलं, काय विचारतात? मी म्हटलं, तुझ्या घराला किती चांदण्या आहेत ते. तिने मान वर करून कौलांकडे पाहिलं आणि म्हणाली, "पावसाआधी बऱ्याच होत्या, आता पोरानं कौलं सारखी केली." मी रकाना मोकळा सोडला.

ती मुलगी त्या घरात रुळली म्हणजे किती रुळावी! पहिला आठवडा तिला भाकरी घशाखाली उतरेना. ती आमटीत बुडवून, डोळे मिटून गिळायची आणि काकी समोर बसून मोजायची, अजून अर्धी राहिली. महिन्याभरात ती स्वतः भाकरी थापायला लागली. भाकरीचा आकार मात्र शेवटपर्यंत बुटाच्या तळव्यासारखाच राहिला. पाड्यावर तिला सगळे ताई म्हणायला लागले, मग दवाखान्यातही. मराठी ती शिकली ती पाड्याची. "माना ठावं नाय," "कठं जातंस," हे ती इतकं सहज बोलायची की पुण्याहून आलेल्या आमच्या पाहुण्या डॉक्टरांनी तिला, तू कुठल्या पाड्यावरची, असं विचारलं होतं. तिने प्रामाणिकपणे काकीच्या पाड्याचं नाव सांगितलं.

कामाची तिची रीत मला फार आवडायची. बूट झाला की ती बाळाच्या आईच्या हाताने तो घालून घ्यायची, दहा वेळा. बूट आईला जमला पाहिजे, मला जमून काय उपयोग, असं म्हणायची. भट्टीवर जाणाऱ्या बायकांना जादा पट्टे शिवून द्यायची. दुपारी माझ्या टेबलाशी येऊन डबा उघडायची आणि मला "मावशी, खा" म्हणायची. मला मूलबाळ नाही. ही गोष्ट मी एरवी लिहिली नसती, पण इथे लिहायला हवी. एरवी मला सुक्या मासळीचा वासही चालत नाही, पण तिच्या डब्यातली सुकट मी कधी नाकारली नाही, एवढ्यावरून काय ते समजा.

पावसाळ्यात मुलगा आणि सून परत आले तेव्हा ताईने बॅग भरायला घेतली. काकीने बॅग आत नेऊन ठेवली आणि पोराला ओटीवर झोपायला सांगितलं. पोराने बिचाऱ्याने आपली गोधडी उचलली. भट्टीवरून आलेल्या माणसाला ओटीही मऊच लागत असणार.

याच दिवसांत माझ्याकडून ती चूक झाली. एक दिवस कोणी अनोळखी माणूस मोटारसायकलवरून पाड्यावर आला आणि बाहेरदेशाची मुलगी इथे एकटी राहते का, कधी येते, कधी जाते, असं विचारत बसला. कोण, कशाला, काही सांगेना. काकीने मला फाटकावर सांगितलं. माझं रक्त उसळलं. मी बोट नाचवून तिला बजावलं, "परत कोणी विचारलं, कोणीही, तर सांगायचं, इथे असं कोणी राहत नाही. कोणीही म्हणजे कोणीही. कळलं?"

हे पाड्याला वेगळं शिकवायची गरजच नव्हती. बाहेरचा माणूस येऊन कोणाचं नाव घेऊन विचारू लागला की तिथे पहिलं उत्तर ठरलेलं असतं, ठावं नाय. कधी भट्टीच्या ठेकेदाराचा माणूस हुडकायला येतो, कधी जंगलखात्याचा. शेजारच्या घरात माणूस जेवत बसलेला असला तरी तो कालच गेलेला असतो. हे खोटं बोलणं आहे, असं तिथे कोणाला वाटत नाही. घरातल्या माणसावर पांघरूण घालावं तसं ते घालतात. मी त्यात फक्त माझा हुकूम मिसळला.

व्हिसा एका वर्षाचा होता. मुदतवाढीचा अर्ज मी दोन महिने आधी केला. नवा करार, नवं पत्र, सगळं पिन लावून चोख. राहत्या पत्त्याची चौकशी होईल, असं कळलं होतं. होऊ दे की, असं मी म्हटलं. आमचं काय लपवायचं आहे?

चौकशीला हवालदार आला तो भर पावसाच्या दिवशी, अंगात रेनकोट, मोटारसायकलवर. खाकी दिसतच नव्हती. ताई दवाखान्यात होती. त्याने पाड्याच्या तोंडाशी विचारलं, इथे परदेशी बाई राहते का? पुढचं मला नंतर चार जणांनी चार तऱ्हांनी सांगितलं, आणि प्रत्येकाने अभिमानाने. काकी म्हणाली, इथं कोण नाय. शेजारीण म्हणाली, होती एक, पण ती कवाच गेली. तिसऱ्या घरातला म्हातारा म्हणाला, ती मोखाड्याला राहते. तेवढ्यात सुनेने वळणीवरचा ताईचा कुर्ता ओढून काढला आणि तिच्या चपला कोंबड्यांच्या डालग्याखाली सारल्या. हवालदाराने सगळं लिहून घेतलं आणि तो निघाला. उतारावर त्याला कामावरून येणारी ताई भेटली, डोक्यावर इरलं घेतलेली. त्याने विचारलं, पुढे गाळ आहे का? तिने सांगितलं, "हाय दादा, उजवीकडून जा." तो उजवीकडून गेला.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर आढळून आली नाही. खुलासा करावा, अन्यथा मुदत संपताच देश सोडावा. मुदतीला अकरा दिवस होते.

मी ते तीनदा वाचलं. मग जीप घेऊन तडक पाड्यावर गेले. काकी नागलीच्या रोपांत वाकून गवत काढत होती. मी बांधावरूनच ओरडले, चौकशीला माणूस आला होता का? ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, खूश होऊन. "आला होता. मी त्याला टेकू दिला नाय. तू सांगतली होतीस ना?"

मी बांधावरच बसले. चिडायला समोर कोणी उरलंच नव्हतं. तिला मी सगळं समजावलं, तो कोण होता, कागदावर काय लिहून आलं, आणि आता ताईला जावं लागेल. तिच्या हातातलं गवत तसंच राहिलं. ती म्हणाली, "आपण सांगला म्हणून?"

आपण, असं म्हणाली ती. तू, असं नाही.

ताईला सांगितलं तेव्हा ती आधी खूप हसली. डालग्याखालच्या चपलांवर तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते पाणी मग थांबेना. तिच्याकडे तेव्हा चौदा बाळं अर्ध्या वाटेवर होती, बूट बदलायचे होते, पट्टे शिवायचे होते. तिने कोणाला दोष दिला नाही. संध्याकाळी मी तिच्या खोलीत डोकावले तर ती लाकडी साच्यांवर नंबर घालत होती, मागे राहणाऱ्याला सापडावेत म्हणून. मला ते बघवलं नाही.

मी खुलाशाचं पत्र लिहायला घेतलं. पण ज्यांनी चौकशीत सांगितलं त्यांचाच जबाब लागेल, असं पोलीस स्टेशनातून कळलं. पाड्यावरचं कोणी आपल्या पायाने पोलीस स्टेशनची पायरी चढत नाही, ही तिथली जुनी भीती आहे आणि ती उगाच नाही. मी काकीला म्हटलं, बघते, दुसरं काही करता येतं का. ती म्हणाली, "दुसरं काय? बोलली मी, तर मीच जाऊन सांगन. मी लबाड बोलली म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती आली. धुतलेलं लुगडं, तेल लावून चापून बसवलेले केस, आणि काखेत हे एवढं गाठोडं. ताई कागद लावायला आदल्या रात्री माझ्याकडेच राहिली होती; आम्ही दोघी डेपोत उभ्या होतो. मला आधीच धास्ती, त्यात ते ओझं बघून मी खेकसले, "काकी, आपण बाजाराला चाललोय का?" तिने ते दुसऱ्या काखेला मारलं.

पोलीस स्टेशनातले साहेब भले होते. त्यांनी तिला खुर्ची दिली. ती खुर्चीच्या कडेवर टेकली, गाठोडं मांडीवर. तिने सगळं सांगितलं, एका दमात. बाय आमच्या घरी राहते, एक वर्ष झालं, माझ्या चुलीवरचं खाते, मीच लबाड बोलली. साहेबांनी ताईकडे पाहिलं आणि तिला दोन प्रश्न विचारले. तिने घाबरून पाड्याच्या बोलीत उत्तरं दिली, तेव्हा त्यांनी पासपोर्ट पुन्हा एकदा उघडून पाहिला. जमादाराने जबाब लिहायला घेतला. मग साहेबांनी काकीला विचारलं, "असं खोटं सांगायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

मी शेजारीच उभी होते. मी तोंड उघडलं, हे मी शपथेवर सांगते. पण काकीने माझ्याकडे न बघताच उत्तर दिलं.

"कोण नाय सायेब. माझंच डोकं."

आणि मी उघडलेलं तोंड मिटलं. दवाखान्याची बदनामी होईल, अर्ज आणखी अडकेल, असं काय काय त्या क्षणभरात मनात आलं. पण खरं कारण एवढंच, की मी घाबरले. जमादाराने तसंच लिहिलं. काकीने अंगठा उठवला.

हवालदार त्याच दुपारी पाड्यावर जाऊन आला, निकाल लागेपर्यंत ताईला थांबू दिलं, आणि तीन आठवड्यांनी मुदतवाढ मिळाली, हे आत्ताच सांगून टाकते. गोष्ट ताणायची मला सवय नाही. ताई अजून काकीकडेच आहे.

पण त्या सकाळी अंगठा पुसून झाल्यावर साहेब म्हणाले, झालं, या तुम्ही. ताई उठली, मी वळले. काकी बसूनच. साहेब पुन्हा म्हणाले, आजी, झालं तुमचं काम. तेव्हा ती उभी राहिली, गाठोडं काखेला मारलं आणि दाराकडे न जाता आतल्या बाजूला वळली.

"कठली खोली?" तिने जमादाराला विचारलं.

कोणाला काही कळेना. ताईला आधी कळलं. तिने पुढे होऊन काकीच्या काखेतून गाठोडं काढून घेतलं आणि तिला दोन्ही हातांनी धरून बाहेर आणलं. पायऱ्यांवर बसून आम्ही ते सोडलं. आत एक गोधडी होती, एक जुनं लुगडं, मिश्रीची डबी आणि फडक्यात बांधलेल्या नागलीच्या भाकऱ्या. पोलिसाशी खोटं बोललं की आत टाकतात, एवढं तिला ठाऊक होतं. कोंबड्या तिने शेजारणीकडे सोपवल्या होत्या, सुनेला निंदणीचं सांगून ठेवलं होतं आणि सकाळच्या गाडीने ती तुरुंगात जायला आली होती.

भाकऱ्या दोन फडक्यांत वेगवेगळ्या बांधलेल्या होत्या. मी विचारलं, दोन कशाला?

"एक तुझा होता," ती म्हणाली. "तू सांगतली, तर तुलाबी ठेवतील असा वाटला. मंग आत गेल्यावर म्हटला, एकीनंच ऱ्हायला भागत असंल तर दोघी कशाला?"

डेपोच्या बाकावर बसून आम्ही तिघींनी त्या भाकऱ्या खाल्ल्या. काकी ताईला सांगत होती, चावून खा, गिळू नको. जबाबाची प्रत माझ्या फायलीत आहे, पिन लावून, नंबर घालून. कोणी सांगितले नव्हते, असं त्यात निळ्या शाईने लिहिलं आहे आणि खाली काकीचा अंगठा आहे. मी अजून रोज लोकांचे अर्ज परत करते, कागदावर खोटं चालत नाही म्हणून.